एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम

पाचशे ग्रॅम सोडा संध्याकाळी ओव्हनमध्ये गेला आणि सकाळी तीनशे सोळा ग्रॅम होऊन बाहेर आला, तेव्हा तोळेमामांनी पहिला संशय घेतला तो मावशींचा.

संशय घ्यायला त्यांच्या मते सबळ कारण होतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या दोनच. एक मामांच्या खिशात, दुसरी सफाईच्या मावशींच्या पिशवीत. मावशी सकाळी सातला येऊन फरशी पुसत आणि मामा नऊला हजर होत. मधल्या दोन तासांत सोड्याचं काय झालं हे एक देव जाणे नाहीतर मावशी, आणि देवाला विचारायची सोय नव्हती.

तोळेमामा हे नाव मुलांनी ठेवलेलं. तीस वर्षं मामा या प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि तीस वर्षांत त्यांनी न जोखता कुणाला चिमूटभरही काही दिलं नव्हतं. बरणी कपाटातून निघाली की वजन, कपाटात गेली की वजन, आणि दोन्ही आकडे साठ्याच्या वहीत. ‘काटा सांगेल ते लिहायचं, मन सांगेल ते नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या मुलांना ते पहिल्या दिवशी ऐकवत, जुन्यांना दर आठवड्याला, आणि घरच्यांना जेवताना. पण वहीत आकड्यांच्या पुढे ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता, आणि तिथं मात्र मामांचं मन मोकाट सुटायचं.

ओव्हनची कथा अशी. गेल्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक कुरकुरले होते की परीक्षेत मुलांना वाटायच्या पुड्यांमधली पूड ओलसर आहे. म्हणून यंदा परीक्षेच्या आधी बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सांगितलं, “मामा, या वेळी मीठ नीट वाळवून घ्या.” नवा ओव्हन नुकताच आला होता आणि मामांना तो चालवायचाच होता. त्यांनी दीडशे अंशांवर ओव्हनचा काटा ठेवून मीठ रात्रभर वाळवलं. पाचशेचं चारशे सत्त्याण्णव झालं. तीन ग्रॅम ओल गेली. मामा खूश झाले. पुडीत मीठ असतं आणि खायचा सोडा असतो. मीठ वाळवलं, मग सोड्यानं काय घोडं मारलंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी सोडाही ताटात पसरून आत ढकलला, काटा तसाच दीडशेवर. घरी निघताना ओव्हनच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब धरलेले दिसले, तेव्हा तर ते मनात म्हणालेही, बघा किती ओल होती!

सांगितलं होतं एक, केलं दोन. पण हौसेनं केलेल्या कामाला माणूस चूक म्हणत नाही. मामांनी तर ते काम म्हणून वहीतच टाकलं.

सकाळी तीनशे सोळा ग्रॅम बघून त्यांनी मोठा काटा पुसला, पुन्हा ठेवलं, पुन्हा तीनशे सोळा. मग वहीत लिहिलं: आधी ५००, नंतर ३१६, घट १८४. आणि शेऱ्यात: ‘ओल एवढी नसते. सफाईकडे चौकशी करावी.’

चौकशी त्यांनी स्वतःच केली.

“मावशी, ओव्हनमधला सोडा नेलात का?”

“कसला सोडा?”

“खायचा.”

“खायचा सोडा मी खाऊ का काय?” मावशींनी पोचा बादलीत आपटला. “माझ्या घरी डबाभर पडलाय. मोजायला या हवं तर, काटा घेऊन या. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“मग गेला कुठं?”

“मला काय विचारता? तुमचा सोडा, तुमची पेटी.”

त्या दिवसापासून अकराच्या चहाला मामांचा कप उपडाच राहू लागला. चहा मावशी करत.

मामांनी उरलेल्या तीनशे सोळातून परीक्षेच्या चोवीस पुड्या बांधल्या. प्रत्येकीत दोन ग्रॅम सोडा आणि एक ग्रॅम मीठ, शतांशापर्यंत चोख. दरवर्षी हेच. कुणीतरी कधीतरी त्यांना दोनास एक असं सांगितलं होतं, त्यानंतर बदला असं कुणी सांगितलं नाही, आणि मामा न सांगितलेलं बदलणारे नव्हते. वाळवायचं तेवढं सुचलं, तेही याच वर्षी.

आणि याच वर्षी परीक्षेला त्यांची सून बसली होती.

सून हुशार. शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, मग मुलगी झाली, मग प्रॅक्टिकलचा पेपर एकदा तापात बुडाला आणि एकदा काचेचं नळकांडं हातात फुटून बुडाला. नियमानं तीनच संधी. ही तिसरी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची जागा जवळजवळ ठरली होती. साहेबांनी सांगितलं होतं, ‘प्रमाणपत्र आणा, दुसऱ्या दिवशी कामावर या.’ घरात तिचा पांढरा कोट इस्त्री करून दारामागे टांगून ठेवलेला. मुलगी येता-जाता त्याच्या खिशात हात घालायची.

मामांनी बाईंना लेखी कळवलं की परीक्षेला माझी सून आहे, सबब मी आत येणार नाही. पुड्या परीक्षकांनी स्वतः चिठ्ठ्या टाकून वाटल्या. मामा दिवसभर दाराबाहेर स्टुलावर बसले. आत बर्नर भुसभुसत होते, चिमटे वाजत होते, मुलं कुजबुजत होती, आणि मामांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच प्रयोगशाळेत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

संध्याकाळी सून घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

“काय झालं गं?”

“बाबा, काही उडालंच नाही.”

“काय उडायचं होतं?”

तीस वर्षं पुड्या बांधूनही मामांनी कधी विचारलं नव्हतं की मुलं त्या पुडीचं करतात काय. सुनेनं मुलीच्या डब्यातली बटणं टेबलावर ओतली आणि समजावलं. खायचा सोडा तापवला की तो मोडतो. त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, एक वायू निघून जातो, आणि मागं उरतो तो धुण्याचा सोडा. प्रमाण ठरलेलं. एकशे अडुसष्ट ग्रॅम तापवला तर बासष्ट उडतो आणि एकशे सहा उरतो. कमी नाही, जास्त नाही. मिठाला काही होत नाही. मग पुडी तापवायची, वजन किती घटलं ते बघायचं आणि त्यावरून उलटं काढायचं की मुळात सोडा होता किती.

“म्हणजे गेलेल्यावरून असलेलं काढायचं?” मामांनी एक बटण उचललं आणि परत ठेवलं. “हे म्हणजे उठून गेलेल्या पाहुण्यांवरून घरात माणसं किती होती ते सांगण्यासारखं झालं.”

“तसंच. बासष्ट पाहुणे गेले तर घरात एकशे अडुसष्ट होते. पुडीत दोन ग्रॅम सोडा असतो ना, त्यातला पॉइंट चौऱ्याहत्तर उडायला हवा.”

“दोन ग्रॅम असतो हे तुला कोणी सांगितलं?” मामा एकदम ताठ झाले. “मी घरात कधी बोललो नाही!”

“सगळ्या कॉलेजला माहीत आहे, बाबा. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना वह्या देतात. दरवर्षी तेच उत्तर. काही मुलं तर बर्नरही पेटवत नाहीत. एक जण पॉइंट त्र्याहत्तर लिहितो, दुसरा पॉइंट पंचाहत्तर, म्हणजे खरं वाटतं.”

मामांना हे अगदीच नवीन होतं. इतकी वर्षं तोलून मापून बांधलेल्या पुड्या, आणि पोरं त्या उघडतही नव्हती?

“बरं, मग तुझं किती घटलं?”

“पॉइंट शून्य दोन.”

“आणि तू लिहिलंस किती?”

ती बटणं गोळा करू लागली. “पॉइंट शून्य दोन. म्हणजे पुडीत सोडा जवळजवळ नव्हताच, असं उत्तर आलं.”

“अगं, मी माझ्या हातानं दोन ग्रॅम घातलाय!” मामांचा आवाज चढला. “नव्हताच म्हणजे? नीट तापवलं नसशील तू!”

“तीनदा तापवलं. वाटी लाल झाली.”

“मग काटा चुकला असेल.”

“तुमचा काटा?” ती म्हणाली.

मामांचा काटा चुकणं शक्य नव्हतं. तिचा हात चुकला म्हणावं तर तीनदा? पुडी चुकली म्हणावं तर पुडी त्यांची. आणि बाकी तेवीस जणांना चौऱ्याहत्तर मिळालेच असणार, मग एकाच पुडीतला सोडा गेला कुठं? जेवताना त्यांनी भाताऐवजी पाण्याच्या पेल्यात चमचा घातला. मुलगी हसली, पण हसायला दुसरं कुणी नव्हतं.

सकाळी बाईंनी बोलावलं. बाई चांगल्या होत्या, पण वीस वर्षं विभाग चालवून त्यांना गोष्टी आहेत तशा राहिल्या की बरं वाटायचं.

“मामा, तुम्हाला सांगायला नको खरं तर, पण सांगते. तेवीस जण पास आहेत. तुमची सून...” त्यांनी चष्मा काढला. “परीक्षकांनी तिचा कागद बाजूला ठेवलाय. बारा वाजता येतील सही करायला. त्यांना काही उमगत नाहीये. तिनं आधी पॉइंट चौऱ्याहत्तर लिहिलंय, बरोबर उत्तर. मग ते खोडलंय आणि चुकीचं लिहिलंय. असं कोण करतं?”

मामांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

“आधी बरोबर?”

“आणि मग चूक. स्वच्छ अक्षरात. मला तर वाटतं ती घाबरली.”

मामा बाहेर आले. खोडलं? तोंडात आलेला घास तिनं थुंकून टाकला? त्यांना सुनेचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली, मग परत राग आला. एकाच वेळी दोन माणसं डोक्यात भांडत होती आणि दोघांचीही बाजू त्यांना पटत नव्हती. शेवटी त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. ते प्रयोगशाळेत गेले आणि काटा पुसला.

मावशी कोपऱ्यात पुसत होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही, पोचा मात्र मुद्दाम जवळून फिरवला.

वाळवलेल्या सोड्याची बरणी कपाटात होती. मामांनी तिच्यातला बरोबर पाच ग्रॅम चिनी मातीच्या वाटीत घेतला. मीठबीठ काही नाही, नुसता सोडा. बर्नर पेटवला. अर्धा तास वाटी तापवली, थंड होऊ दिली, काट्यावर ठेवली. चार पूर्णांक सत्त्याण्णव.

“उडाला नाही,” मामा स्वतःशी म्हणाले.

“काय उडाला नाही?” मावशींना राहवलं नाही.

“सोडा. तापवला की उडायला हवा म्हणे. पाचमधला दोनेक ग्रॅम तरी जायला हवा होता. हा जागचा हलत नाही.”

मावशी जवळ आल्या. त्यांनी विचारलं नाही, सरळ बरणीतली चिमूट घेऊन ओल्या बोटांत चोळली. “हा खायचा नाहीच.”

“बरणीवर चिठ्ठी आहे की खायचा म्हणून.”

“चिठ्ठीला काय कळतंय? तीस वर्षं कपडे धुतेय मी. बुळबुळीत लागतोय बघा हाताला. हा धुण्याचा सोडा.”

“खायचा सोडा धुण्याचा कसा होईल?” मामा चिडून म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. काल टेबलावर बटणांच्या शेजारी कुणीतरी हेच सांगितलं होतं. मागं उरतो तो धुण्याचा सोडा.

त्यांनी कपाटातून नवी, सील न फोडलेली बरणी काढली. सील फोडलं. पाच ग्रॅम. दुसरी वाटी. अर्धा तास. मावशी पोचा टेकवून उभ्याच राहिल्या. वाटीवर वाफ धरल्यासारखं झालं आणि विरलं, बाकी काहीच दिसलं नाही. पांढरं ते पांढरंच होतं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. मामांनी वाटी थंड करून काट्यावर ठेवली.

तीन पूर्णांक सोळा.

“आता कुणी नेला?” मावशी म्हणाल्या. “मी तर इथंच उभी आहे.”

मामांनी पाचातून तीन पूर्णांक सोळा वजा केले. तोंडी केले, मग कागदावर केले. एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. कुठं पाहिला होता? त्यांनी साठ्याची वही काढली, पान उलटलं, आणि त्यांच्याच वळणदार अक्षरात तो समोर बसला होता. पाचशेला एकशे चौऱ्याऐंशी. पाचाला एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. ओव्हनच्या काचेवरचे थेंब. सोडा त्या रात्री ओव्हनमध्येच मोडला होता. जे परीक्षेच्या दिवशी मुलांच्या वाटीतून उडायचं, ते मामांनी हौसेनं आधीच उडवून टाकलं होतं.

म्हणजे चोवीसही पुड्यांत खायचा सोडा नव्हता. सून म्हणाली ते खरं होतं.

मग त्या तेवीस जणांना तो मिळाला कसा?

इथं मामांचं डोकं खऱ्या अर्थानं चक्रावलं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं? तेवीस पोहरे, आणि सगळे काठोकाठ भरलेले. उत्तर त्यांना माहीत होतं, कालच सुनेनं सांगितलं होतं, पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यात अंतर असतं. खोटं लिहिणारे तेवीस बरोबर ठरले होते. खरं लिहिणारी एकटी चूक ठरली होती. आणि हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो इसम स्टुलावर बसून काट्याची शपथ घेत होता.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बोलावं तर चोवीस जणांची परीक्षा घोळात, बाई अडचणीत, निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाच्या अंगावर चौकशी. आणि वर लोक म्हणणार, सुनेला वाचवायला सासऱ्यानं सोड्याचं कुभांड रचलं. न बोलावं तर सगळे खूश. एक पांढरा कोट तेवढा दारामागे टांगलेला राहील. मामांना वाटलं, कुणीतरी येऊन सांगावं की काय करू. कोण येणार? खोलीत मावशी होत्या.

“काय लिहिलंय त्यात?” मावशींनी वहीकडे बोट केलं. त्यांना अक्षरं लागत नसत. “मघापासून बघताय आणि घाम पुसताय.”

“तुमच्याबद्दल लिहिलंय.”

“वाचा.”

मामांनी वाचलं. ‘ओल एवढी नसते. सफाईकडे चौकशी करावी.’ आवाज इतका खाली गेला की शेवटचा शब्द जेमतेम ऐकू आला.

“पांढऱ्यावर काळं केलंत,” मावशी म्हणाल्या. “मी मेले तरी ते तिथंच राहणार.”

“चुकलो, मावशी.”

“माझ्यापुढं चुकून काय उपयोग? ज्याच्यापुढं चुकायचं तिथं जा.” आणि त्यांनी बादली उचलली. “चला, मी पण येते. मी बघितलंय उडताना.”

परीक्षक सडपातळ, गळ्यात चष्म्याची दोरी, बोलण्यात काटकसर. समोर चोवीस कागद आणि हातात पेन. मामांनी टेबलावर वही आणि दोन वाट्या ठेवल्या आणि जे झालं ते सांगितलं. सांगताना दोनदा मागं-पुढं झालं, एकदा मीठ आणि सोड्याची अदलाबदल झाली, पण सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. “मामा, मी मीठ वाळवा म्हटलं होतं.”

“हो बाई. सोडा माझ्या पदरचा.”

“आणि हे तुम्हाला आज कळलं? सही व्हायच्या आधी अर्धा तास?” परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “ती तुमची सून आहे. वाट्या तुम्ही तापवल्या. बरणी तुमच्या ताब्यात. मी विश्वास कशावर ठेवू?”

बरोबरच होतं ते. त्यांच्या जागी मामा असते तर त्यांनीही ठेवला नसता.

“मी होते तिथं,” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही एकाच ठिकाणी काम करता.”

“एका ठिकाणी? यांनी मला चोर ठरवलंय! चार दिवस चहा दिला नाही मी यांना. वहीत बघा.”

परीक्षकांनी वही ओढली. तारीख बघितली, परीक्षेच्या तीन दिवस आधीची. आधीचं पान बघितलं, नंतरचं बघितलं. ओळींमध्ये कुठं जागा सोडलेली नव्हती, शाई एकसारखी. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आकडेमोड केली. पाचशे गुणिले बासष्ट, भागिले एकशे अडुसष्ट. मामा उलटीकडून वाचत होते. एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक बावन्न.

“तुमचा मोठा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो?”

“हो साहेब.”

परीक्षकांनी शेरा मोठ्यानं वाचला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. “रचलेली नोंद असती तर तुम्ही ओल लिहिलं असतंत, चूक लिहिलं असतंत. चोरीचा संशय कोण लिहील? एवढा अडाणीपणा ठरवून करता येत नाही.”

मामांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि कुणाचं बोलणं इतकं गोडही लागलं नव्हतं. दोन्ही एकदम कसं वाटतं हे त्यांना कळेना.

“म्हणजे आता सगळ्यांची परीक्षा परत?” बाईंनी विचारलं.

“तेवीस जणांची. नव्या सोड्यावर, आणि प्रत्येक पुडीत निराळं प्रमाण. ते मी घालेन.” त्यांनी चोविसावा कागद पुढं घेतला. “हिची कशाला? पुडीत जे होतं ते हिनं बरोबर सांगितलंय. पुडीत काय होतं हे आपल्या तिघांनाही ठाऊक नव्हतं.” आणि सही केली. मग पेन हवेतच थांबलं. “पण खोडलेलं का? ते मला अजून कळलेलं नाही.”

मामांनाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा त्यांच्या खिशात लेखी खुलासा मागणारी नोटीस होती. वहीत जुन्या शेऱ्याखाली ते नवा शेरा लिहून आले होते: ‘१८४ ग्रॅम कुणी नेले नाहीत. मी उडवले.’ मावशींनी तो मामांकडून दोनदा वाचून घेतला होता. चहाचं अजून काही ठरलं नव्हतं.

सून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मामांनी दारामागचा कोट काढला आणि तिच्यासमोर धरला. तिला काही कळेना. ती कोटाकडे बघे, त्यांच्याकडे बघे.

“पास झालीस.”

“कशी?”

त्यांनी सांगितलं. ओव्हन, थेंब, मावशींची बोटं, सगळं. ऐकता ऐकता ती खाली बसली.

“म्हणजे पुडीत नव्हताच?”

“नव्हताच.”

“मला वाटलं मलाच काही येत नाही,” ती म्हणाली आणि रडू लागली. मुलगी धावत येऊन तिला बिलगली.

मामांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, कारण विचारल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. “एक सांग. चौऱ्याहत्तर लिहिलं होतंस, ते खोडलंस का? माहीत होतं बरोबर काय ते. ही शेवटची वेळ होती. मी असतो तर...” ते थांबले. आपण असतो तर काय केलं असतं हे त्यांना नक्की सांगता येईना.

तिनं पदरानं नाक पुसलं.

“लिहिलं होतं मी. पेन खाली ठेवलं, उठणार तेवढ्यात दाराकडे बघितलं. दाराखालच्या फटीतून तुमच्या चपला दिसत होत्या, बाबा.”